स्टँडर्ड सुतात, बांगड्यात मात्र हिस्टमीन सापडेना

गेल्या आठवड्यात एका मुलाचा फोन आला. एमएस्सी करून नुकताच मासळी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये लागलाय. तिथे मासळी बिघडताना तयार होणारं, खाणाऱ्याला बाधणारं हिस्टमीन मोजतात, आणि ताडून बघायला माहीत मापाचं द्रावण, म्हणजे स्टँडर्ड, सोबत मोजतात. "ताई, स्टँडर्डची रेघ अगदी सुतात येते, पण बांगड्यात मुद्दाम घातलेलं हिस्टमीन धड निम्मंही परत मिळत नाही. परवा ४० टक्के, काल ५५, आज १८. कॅपिलरी बदलली, लेझर तपासून घेतला, तरी तेच."

"रिअ‍ॅक्शनची व्हायल बघितलीस का?"

"बघितली की. पिवळी आहे."

"कशी पिवळी?"

पलीकडे शांतता.

ही शांतता माझ्या ओळखीची आहे. काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला आमच्या सरांनी विचारला होता आणि मीही अशीच गप्प झाले होते. व्हायल म्हणजे टेबलावरून उचलून ऑटोसॅम्पलरमध्ये ठेवायची वस्तू. तिच्याकडे बघायचंही असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे दुखणं आमच्याकडे आतापर्यंत तीनदा आलं. तिन्ही वेळा कारण वेगळं होतं, आणि तिन्ही वेळा खापर आधी मशीनवर फुटलं. म्हणून आता एकदाचं सगळं लिहून काढते. फोनवर किती वेळा सांगणार.

आधी पद्धत. तिचं नाव कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस: केसासारख्या बारीक नळीत, म्हणजे कॅपिलरीत, विजेच्या दाबाने पदार्थ वेगळे करायचे. कॅपिलरीत प्रकाशाला वाट मिळते ती नळीच्या आतल्या व्यासाएवढी. आमची कॅपिलरी ५० मायक्रॉनची. एचपीएलसीच्या (द्रव पंपाने ढकलून पदार्थ वेगळे करणाऱ्या नेहमीच्या यंत्राच्या) डिटेक्टरमधली सेल १० मिलिमीटरची, म्हणजे दोनशेपट फरक. त्यात हिस्टमीन, पुट्रेसिन, कॅडाव्हरिन या अमीन मंडळींना, म्हणजे नायट्रोजनचं टोक असलेल्या रेणूंना, प्रकाश शोषायची फारशी हौस नाही. हिस्टमीन २१० नॅनोमीटरच्या आसपास जरा शोषतं, पण तिथे मासळीच्या अर्कातली निम्मी दुनिया शोषत असते. म्हणून अमीनला आधी चमकणारा टॅग लावायचा आणि मग लेझरने शोधायचं. हे काही नवं खूळ नाही. जॉर्गन्सन आणि लुकाक्स यांनी १९८१ मध्ये ७५ मायक्रॉनच्या काचेच्या नळीला ३० किलोव्होल्टपर्यंत दाब लावून ही पद्धत उभी केली, तेव्हा त्या नळीतून धावली तीही डॅन्सिल किंवा फ्लुओरेस्कामीन असे चमकणारे टॅग लावलेली अमिनो आम्लं आणि अमीनच होती. डेरिव्हटायझेशनचं, म्हणजे टॅग लावण्याचं, दुखणं या तंत्राला जन्मापासूनचं आहे म्हणा.

आम्ही टॅग म्हणून एफआयटीसी वापरतो, म्हणजे फ्लुओरेसिन आयसोथायोसायनेट. ४८८ नॅनोमीटरच्या लेझरला तो नीट जुळतो आणि ५२० च्या आसपास हिरवा चमकतो. पद्धत अशी: ५ ग्रॅम मासळी ५ टक्के टीसीएमध्ये, म्हणजे ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये वाटायची, ५० मिलिलिटरपर्यंत न्यायची, सेंट्रिफ्यूज करून गाळायची. त्यातले १०० मायक्रोलिटर, ८०० मायक्रोलिटर बोरॅक्स बफर (पीएच धरून ठेवणारं द्रावण), १०० मायक्रोलिटर एफआयटीसी. रात्रभर अंधारात ठेवायचं. सकाळी पातळ करून मशीनला द्यायचं.

निर्यातीच्या लॅबमध्ये निकाल एचपीएलसीवरच द्यावा लागतो, हे मला माहीत आहे. युरोपचा नियम असा की एका लॉटमधून ९ नमुने घ्यायचे, त्यातल्या जास्तीत जास्त दोघांनी किलोला १०० ते २०० मिलिग्रॅमच्या मध्ये असावं आणि २०० च्या वर एकही नको. कॅपिलरी आम्ही घरगुती चाळणीसाठी वापरतो. सॉल्व्हंट जवळजवळ लागत नाही आणि एका रनला पंधरा मिनिटं पुरतात. पण चाळणीच्याच जाळीला भोक असेल तर काय उपयोग?

पहिलं कारण: अ‍ॅसिड

त्या दिवशी सरांनी खिशातून नोटा तपासायची जांभळी टॉर्च काढली आणि खोलीतला दिवा मालवला. स्टँडर्डच्या व्हायलवर प्रकाश टाकला, तर कडेने लखलखीत हिरवी झाक. पावसाळ्यात शेताच्या बांधावर नवं गवत दिसतं ना, तशी. बांगड्याच्या व्हायलवर टाकला, तर फिकी, मेलेली हळद. तळाशी नारिंगी गाळाची बारीक रेघ.

फ्लुओरेसिनचा रेणू पीएच ८ च्या पुढे मनमोकळा चमकतो. साधारण ६ च्या खाली गेला की विझतो, आणि आणखी आंबट केलं की पाण्यात विरघळेनासा होऊन तळाशी बसतो. म्हणजे ती व्हायल आंबट होती. पीएच ९.२ चा बफर ओतूनही आंबट!

आता हिशोब बघा, कारण सगळी मेख हिशोबात आहे. ५ टक्के टीसीए म्हणजे ०.३ मोलर. १०० मायक्रोलिटरमध्ये ३० मायक्रोमोल अ‍ॅसिड. आमचा बफर २० मिलिमोलर बोरॅक्सचा. बोरॅक्सचा एक रेणू पाण्यात सुटला की दोन बोरिक अ‍ॅसिड आणि दोन बोरेट देतो. अ‍ॅसिड झेलणारे ते फक्त बोरेट. म्हणजे ४० मिलिमोलर, आणि ८०० मायक्रोलिटरमध्ये ३२ मायक्रोमोल. झेलणारे ३२, येणारे ३०. कागदावर पुरलं. ज्याने कुणी ही पद्धत लिहिली त्याने बेरीज-वजाबाकी करून समाधान मानलं असणार.

पण उरलेल्या दोन मायक्रोमोलवर पीएच टिकत नाही, तो ७.७ च्या आसपास घसरतो. अर्क १० टक्के जास्त आला, पिपेटच्या टोकाला एक थेंब लोंबत राहिला, टीसीए जरा जड हाताने तोललं, की अ‍ॅसिड ३३ मायक्रोमोल होतं आणि पीएच थेट ३ च्या घरात. कड्याच्या टोकावर बसून जेवण्यातला प्रकार. त्या मुलाचे ४०, ५५ आणि १८ टक्के इथून आले होते.

पीएचने इतका काय फरक पडतो? एफआयटीसी पकडतं ते मोकळ्या अमीनला. ज्याच्या डोक्यावर प्रोटॉन बसलाय त्याला ते हात लावत नाही. हिस्टमीनच्या शेपटीवरच्या अमीनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू मोकळे असतात तो आकडा, ९.८ धरला, तर पीएच ९.२ ला शंभरातले वीस रेणू मोकळे असतात. ७.७ ला शंभरात एकसुद्धा धड नाही. ७ ला हजारात दीड-दोन. रात्रभर ठेवलं म्हणून थोडं तरी जमतं, पण तोवर पाणी एफआयटीसीला खात असतं, ते वेगळंच.

सगळ्यात फसवं पुढे आहे. ही विझलेली व्हायल तुम्ही मशीनला देता. कॅपिलरीत धावणारा बफर पीएच ९.२ चा. त्यात शिरल्या शिरल्या रंग पुन्हा पेटतो. इलेक्ट्रोफेरोग्रामवर, म्हणजे मशीनच्या आलेखावर, एफआयटीसीचा स्वतःचा पीक (शिखर) नेहमीसारखाच छान, उंच येतो आणि हिस्टमीनचा तेवढा बुटका. बघणारा म्हणतो, रिएजंट तर भरपूर आहे, लेझर ठीक आहे, म्हणजे हिस्टमीन मासळीतून निघालंच नाही. मग तो वाटण्याच्या मिक्सरमागे लागतो. आम्ही दोन आठवडे लागलो होतो.

आणि स्टँडर्ड का सुतात येत होतं? कारण ते ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये बनवलेलं होतं. १०० मायक्रोलिटरमध्ये एक मायक्रोमोल अ‍ॅसिड, बफरला त्याचं काहीच वाटत नाही. आमची स्टँडर्ड आणि आमचे नमुने दोन वेगळ्या पीएचमध्ये राहत होते. तेव्हापासून आमच्याकडे स्टँडर्डसुद्धा त्याच ५ टक्के टीसीएमध्ये बनतं आणि नमुन्याच्याच वाटेने जातं. एवढा एक बदल केलात तरी निदान दोघं एकत्र बिघडतील आणि बिघाड दिसेल.

एक गंमत सांगते. टीसीएला हवेतलं पाणी ओढायची भारी सवय. जून-जुलैत बरणी उघडी राहिली की स्फटिक ओले होतात, त्यांना पाणी सुटतं. मग ५ ग्रॅम तोललं तरी त्यात अ‍ॅसिड कमी आणि पाणी जास्त. त्या वर्षी जुलैत आमची रिकव्हरी, म्हणजे घातलेल्यातलं परत मिळणारं प्रमाण, आपोआप सुधारली. आम्ही नुकतीच नवी कॅपिलरी बसवली होती, तेव्हा सगळं श्रेय तिला. दिवाळीनंतर नवी बरणी फोडली आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या.

तपासायचं कसं: एफआयटीसी टाकायच्या आधी अर्क आणि बफर एकत्र करा आणि ५ मायक्रोलिटरचा थेंब पीएच पेपरवर ठेवा. एफआयटीसी टाकल्यावर ठेवलात तर पेपर पिवळा होऊन बसतो आणि काहीच वाचता येत नाही. ९ च्या आसपास हवं. नसेल तर दोन वाटा आहेत. एक, अर्क आधी सोडियम हायड्रॉक्साइडने ताळ्यावर आणा, पण ठरलेल्या थेंबांनी नाही, दर वेळी पेपर बघून. दुसरी, बोरॅक्स ५० मिलिमोलर करा. मग झेलणारे ८० मायक्रोमोल होतात आणि ३० मायक्रोमोल अ‍ॅसिड येऊनही पीएच ८.९ वर थांबतो. एवढा दाट बोरॅक्स फ्रिजमध्ये ठेवू नका, तळाशी खडे धरतात. वरचंवरचं पाणी ओतून घेतलंत की पुन्हा कमजोर बफर.

तिसरी वाट मला सगळ्यात आवडते, पण ती दुसऱ्या कारणाशी जोडलेली आहे.

दुसरं कारण: हिस्टिडीनची गर्दी

पीएच सुधारला आणि आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. तारलीत ८८ टक्के आलं, बांगड्यात ७०, कुप्यात ५० च्या खाली. आता आकडे स्थिर होते, पण माशागणिक वेगळे.

हिशोब पुन्हा कागदावर घेतला. किलोला १०० मिलिग्रॅम हिस्टमीन असेल, तर आमच्या अर्कात लिटरला १० मिलिग्रॅम, म्हणजे ९० मायक्रोमोलर. १०० मायक्रोलिटरमध्ये ९ नॅनोमोल. एफआयटीसी तेव्हा २ मिलिमोलरचं वापरत होतो, म्हणजे २०० नॅनोमोल. बावीसपट! कुणीही म्हणेल भरपूर झालं.

पण व्हायलमध्ये हिस्टमीन एकटं नसतं. ज्या माशांत हिस्टमीन होतं त्यांत ते होतंच मुळी मोकळ्या हिस्टिडीन या अमिनो आम्लामुळे. बोटीवर बर्फ कमी पडला की जिवाणू त्या हिस्टिडीनचं हिस्टमीन करतात. बांगडा, कुपा अशा लाल मांसाच्या माशांत मोकळं हिस्टिडीन किलोमागे काही ग्रॅम असतं. ५ ग्रॅम धरा. अर्कात ते ३.२ मिलिमोलर होतं, म्हणजे त्याच १०० मायक्रोलिटरमध्ये ३२० नॅनोमोल. एफआयटीसी २०० आणि एकटं हिस्टिडीनच ३२०. टॉरिन आणि बाकीची अमिनो आम्लं अजून मोजलीच नाहीत. वर हिस्टिडीनच्या अमीनचा पीकेए ९.२ च्या आसपास, म्हणजे आमच्या बफरमध्ये त्याचे निम्मे रेणू मोकळे आणि हिस्टमीनचे फक्त वीस टक्के. पंगतीत जो आधी बसला तोच जेवला.

हे ओळखायची परीक्षा सोपी आहे आणि मी ती प्रत्येक नव्या माशाला लावते. एकच अर्क घ्या. एक जसाच्या तसा, एक पाचपट पातळ, एक वीसपट पातळ. तिन्हींना सारखंच एफआयटीसी. आलेल्या उत्तराला पातळ केल्याच्या पटीने गुणा. तिन्ही आकडे जुळले तर रिएजंट पुरतंय. पातळ करत गेल्यावर उत्तर चढत गेलं, तर दाट अर्कात उपासमार चालली होती. आमच्या कुप्याचं उत्तर पाचपटीला दीडपट झालं आणि वीसपटीला थोडंसंच आणखी चढलं. कोडं तिथे सुटलं.

उपाय: अर्क आधी दहापट पातळ करायचा आणि एफआयटीसी १० मिलिमोलर करायचं. अर्क दहापट पातळ केला की टीसीएसुद्धा ३० वरून ३ मायक्रोमोलवर येतं आणि साध्या २० मिलिमोलर बोरॅक्सलाही ते झेपतं. एका दगडात दोन पक्षी, म्हणून ही वाट माझी लाडकी. लोक पातळ करायला घाबरतात, सिग्नल जाईल म्हणून. अरे, लेझर कशासाठी घेतलाय? नॅनोमोलर बघायचं यंत्र घ्यायचं आणि त्याला मिलिमोलर पाजायचं, हा कसला हिशोब.

मात्र याची किंमत मोजावी लागते. एफआयटीसी वाढवलं की त्याचे स्वतःचे आणि त्याच्या कुजलेल्या तुकड्यांचे पीक वाढतात. एखादा नेमका हिस्टमीनच्या अंगावर येऊन बसतो. म्हणून दर बॅचला ब्लँक, म्हणजे मासळी न घातलेला नमुना, धावलाच पाहिजे, आणि तो टीसीए, बफर, एफआयटीसी सगळं घालून, रात्रभर ठेवून. नुसतं पाणी टोचून "ब्लँक स्वच्छ आहे" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. आमच्याकडे रनिंग बफरमध्ये (कॅपिलरीत धावणाऱ्या बफरमध्ये) ५० मिलिमोलर एसडीएस हा साबणासारखा पदार्थ घातल्यावर हिस्टमीन एफआयटीसीच्या गर्दीतून सुटून निघालं. तुमच्या कॅपिलरीला थोडं कमीजास्त करावं लागेल.

तिसरं कारण: मेलेलं एफआयटीसी, आणि आगंतुक पाहुणे

हे खास कोकणातल्या पावसाळ्याचं. एफआयटीसीची कुपी उणे २० च्या फ्रीझरमधून निघते आणि घाईत लगेच उघडली जाते. बाहेर दमट हवा, आत गारठलेली पूड. क्षणात दव धरतं. आयसोथायोसायनेटला पाणी चालत नाही. पुडीचा रंग बदलत नाही, फक्त अमीनला धरणारा हात गळून पडतो. टॉर्चखाली व्हायल हिरवीच, आणि रिअ‍ॅक्शन शून्य. टॉर्चवर आंधळा विश्वास ठेवू नका म्हणते ते याचसाठी. ती पीएच सांगते, एफआयटीसी जिवंत आहे का ते नाही सांगत.

आता कुपी अर्धा-पाऊण तास सिलिका जेलच्या डबीत ठेवून खोलीच्या तापमानाला आणतो, मगच उघडतो. नवी कुपी आली की त्याच दिवशी कोरड्या डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून, एकेका दिवसापुरत्या छोट्या वाट्या करून फ्रीझरमध्ये. उरलेलं परत फ्रीझरमध्ये नाही, कचऱ्यात. जीव तुटतो, पण नाहीच. डीएमएसओ १८.५ अंशाला गोठतं, तेव्हा बाहेर काढल्यावर पूर्ण वितळून, हलवून मगच पिपेट लावा. अर्धवट वितळलेल्यातून घेतलं तर प्रमाण काय आलं ते देवालाच ठाऊक. आधी आम्ही अ‍ॅसिटोन वापरायचो. ते झाकणातून उडतं आणि संध्याकाळपर्यंत सकाळचं १० मिलिमोलर भलतंच काही होऊन बसतं.

पाहुणे म्हणजे तुम्ही न बोलावलेले अमीन. आमच्याकडे एका शिकाऊ मुलीने मोठ्या उत्साहाने बफर "तयारच आहे" म्हणून शेजारच्या टेबलावरची बाटली घेतली. वर टीबीई लिहिलेलं. त्यातला बी बोरेटचा, हे बरोबरच. पण टी ट्रिसचा, आणि ट्रिस स्वतः अमीन आहे. साध्या टीबीईत ते ८९ मिलिमोलर असतं. हिस्टमीनच्या हजारो पट. त्या दिवशी ट्रिसला फार सुंदर टॅग लागले. तिला कुणी रागावलं नाही, बाटल्या दूर ठेवायचं काम आमचं होतं.

ट्रिसपेक्षा लबाड अमोनिया. शेजारी कुणी अमोनियाची बाटली उघडी ठेवली, एचपीएलसीच्या मोबाइल फेजसाठी अमोनियम अ‍ॅसिटेट तोललं, किंवा डीआय (क्षार काढलेल्या) पाण्याचा कॅन चार दिवस अर्धा उघडा राहिला, की ब्लँकमध्ये एक पीक उगवतो आणि आठवडाभर मुक्काम करतो. बोरॅक्सची पूड, पाणी, टीसीए, एकेक बदलून बघा. आमच्याकडे बहुतेक वेळा पाणीच निघालंय.

दोन साक्षीदार

एवढं सगळं दर वेळी उलगडत बसायला वेळ नसतो. म्हणून आता प्रत्येक व्हायलमध्ये दोन साक्षीदार असतात. पहिला हेप्टिलअमीन. त्याला एकच अमीन, मासळीत तो नसतो, आणि तो अर्कात रिअ‍ॅक्शनच्या आधी पडतो. दुसरा कार्बोक्सिफ्लुओरेसिन. तो स्वतःच चमकतो, कुणाशी रिअ‍ॅक्शन करत नाही, आणि तो सकाळी, रिअ‍ॅक्शन संपल्यावर पडतो.

हेप्टिलअमीनचा पीक खाली आला आणि कार्बोक्सिफ्लुओरेसिनचा ठीक, तर चोर व्हायलमध्ये आहे: अ‍ॅसिड, गर्दी किंवा मेलेलं एफआयटीसी. मशीनला हात लावू नका. दोन्ही पीक एकदम खाली आले, तर मशीनकडे जा. व्हायलमधलं द्रव उडून पातळी खाली गेलीय का, इंजेक्शनच्या वेळी हवेचा बुडबुडा, कॅपिलरीत प्रकाश शिरतो त्या खिडकीवर धूळ, लेझर. दोन्ही ठणठणीत आणि हिस्टमीन तेवढं कमी, तर मासळी वाटण्या-गाळण्यात गेलं, किंवा मासळीत खरंच कमी आहे. अशी बातमीही कधीतरी खरी असते.

हे सुरू केल्यापासून मशीन उघडायची वेळ क्वचितच आली.

मशीनच्या बाजूचं थोडक्यात. पीक पुढे-मागे सरकत असतील, तर बफरच्या व्हायल आठ-दहा रननंतर बदला, वीज वाहून वाहून त्यातला पीएच हलतो. मासळीची प्रथिनं भिंतीला चिकटतात, तेव्हा दर रनच्या आधी ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, पाणी, बफर अशी आंघोळ घाला. पीक बसके आणि रुंद येत असतील, तर नमुन्यात मीठ फार झालंय. दाट अर्क हायड्रॉक्साइडने ताळ्यावर आणणाऱ्यांना हे हमखास भेटतं. रिअ‍ॅक्शननंतर पाण्याने दहापट पातळ करून टोचा, पीक सावरून उभे राहतात.

पुट्रेसिन आणि कॅडाव्हरिन मोजणाऱ्यांसाठी एक वेगळी डोकेदुखी: एकाच पदार्थाचे दोन पीक. त्यांना दोन टोकांना दोन अमीन. एकाला टॅग लागला आणि दुसरा मोकळा राहिला, तर त्या मोकळ्या टोकावर धन भार असतो आणि तो रेणू लवकर येऊन पोचतो. दोन्ही टोकांना लागले की ऋण भार वाढतो आणि तो उशिरा येतो. लवकरचा पीक मोठा दिसला तर समजा एफआयटीसी कमी पडलं किंवा वेळ कमी पडला. दोघांची बेरीज करून वेळ मारून नेऊ नका, दोघांची चमक सारखी नसते.

आणि ज्यांच्याकडे एफआयटीसीऐवजी ओपीए हा टॅग आहे त्यांनी वरचं निम्मं विसरावं. तिथे रिअ‍ॅक्शन मिनिट-दोन मिनिटांत होते, पण बनलेला पदार्थ टिकत नाही, आणि हिस्टमीनचा तर फारच नाजूक. ट्रेमध्ये पहिली व्हायल भरघोस आणि बारावी सुकलेली, असं दिसलं तर तीच व्हायल पुन्हा शेवटी टोचून बघा. घसरली असेल तर सगळं आधी मिसळून ठेवायची सवय सोडा, प्रत्येक नमुना टोचायच्या आधी ठरलेल्या मिनिटाला मिसळा. एनडीए हा आणखी एक टॅग घेतलात तर टिकाऊपणा खूपच बरा, पण त्यात सायनाइड लागतं. मासळीच्या लॅबमध्ये जिथे तिथे टीसीएचे कॅन, आणि सायनाइडला अ‍ॅसिड भेटलं की जीवघेणा वायू. म्हणून आम्ही ते आणलंच नाही. आणणाऱ्यांनी आधी कचऱ्याचे कॅन वेगळे करावेत, मग कुपी फोडावी.

त्या मुलाचं पुढे काय झालं? संध्याकाळी त्याने फोटो पाठवला. अंधारात दोन व्हायल, एक हिरवी लखलखीत, दुसरी मेलेली हळद. खाली लिहिलं होतं, "कशी पिवळी ते कळलं, ताई." दोन दिवसांनी पुन्हा मेसेज: "दहापट पातळ केलं, स्टँडर्ड टीसीएमध्ये बनवलं. बांगडा ९१, कुपा ८९. पण ब्लँकमध्ये आजपासून एक नवा पीक दिसतोय."

मी विचारलं, "पाणी कुठल्या कॅनमधलं?"